मसाला व्यवसायासाठी बचत गटाने कोणते कर्ज घ्यावे? (कोल्हापूर) मदत हवी आहे

नमस्कार,

करवीर तालुक्यातील आमच्या महिला बचत गटाला कांदा-लसूण मसाला तयार करून विकायचा आहे. गटाचे हिशेब मी लिहिते. बचत नियमित असून अंतर्गत कर्जांची परतफेडही चोख आहे. मात्र ती कर्जे दवाखाना, मुलांची फी, फार तर एखादी म्हैस यांसाठी घेतलेली होती. व्यवसायासाठी कर्ज काढण्याची ही पहिलीच वेळ आहे.

खरा पेच हप्त्यांच्या वेळापत्रकाचा आहे. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची उन्हाळ्यातच घेऊन, देठ काढून, कडक वाळवून डंकावर कुटून घ्यावी लागते, कारण पाऊस लागला की मिरची सर्दावते. त्यामुळे वर्षभराच्या मालाचा पैसा दोन-तीन महिन्यांत गुंततो आणि विक्रीतून तो थोडाथोडा, वर्षभर परत येतो. एक खासगी वित्त कंपनी आठवड्याभरात सामूहिक हमीवर कर्ज द्यायला तयार आहे, परंतु त्याचे हप्ते साप्ताहिक आहेत. म्हणजे पहिले काही हप्ते रोजंदारीतूनच भरावे लागणार. शिवाय काही सदस्यांच्या घरी आधीचे कर्ज चालू आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावे लागतात. हा हिशेब आमच्यापैकी कोणीही अद्याप मांडलेला नाही.

दुसरीकडे, मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, पण ते एकेकीच्या नावावर होईल. मला स्वतःला गटाच्या नावे कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तेव्हा रक्कम उचलता येणारे बँकेचे कर्ज खाते) अधिक सोयीचे वाटते, कारण जेवढी रक्कम उचलू तेवढ्यावरच व्याज पडते आणि विक्री होईल तसा भरणा करता येतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत (2020) गटातील सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत हा प्रस्ताव पाठवल्यास रक्कम हंगामापूर्वी हाती पडते का?

प्रशिक्षणावरून गटात सरळ दोन तट पडले आहेत. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियाच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहण्या-जेवणासह प्रशिक्षण मोफत असते. ‘मसाला करायला आम्हाला कोण शिकवणार?’ असे ज्येष्ठ सदस्य म्हणतात, आणि चवीपुरते ते खरेही आहे. पण देठ काढून वाळवल्यावर मिरचीच्या वजनात येणारी घट, डंकाची मजुरी, पाकिटांचा खर्च आणि स्वतःचे श्रम धरून किलोचा भाव कसा काढावा, हे आम्हाला येत नाही. दुकानदार महिनाभर उधारी मागतो, तेव्हा किती माल द्यावा, हेही ठरवता येत नाही.

येथे कोणी असे प्रशिक्षण घेतले असल्यास हा भाग तेथे प्रत्यक्ष शिकवतात का, आणि त्या प्रमाणपत्राला बँकेचे शाखाधिकारी कितपत महत्त्व देतात, हे कृपया सांगावे. कॅश क्रेडिट मिळालेल्या गटांनी मर्यादा ठरवताना कोणती कागदपत्रे दाखवली तेही लिहावे. मिरचीची खरेदी फेब्रुवारीत सुरू करावी लागेल. तोवर कर्ज मंजूर झाले नाही तर यंदा बचतीतूनच थोडा माल करावा, असा माझा विचार आहे.