दर १० मिनिटांची बस अर्ध्या तासाने तीन मिळून का येते? निवेदनात नेमकं काय मागावं?

प्रश्न | कोथरूडचा_थांबा

पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेचा, एक मार्ग आहे, एका बाजूने साधारण १८ किलोमीटर. वेळापत्रकात दर १० मिनिटांनी बस आहे. सकाळी ८ ते ११ या वेळात मात्र २५-३० मिनिटं काहीच येत नाही आणि मग पाठोपाठ दोन-तीन येतात. पहिली खचाखच भरलेली, शेवटची जवळजवळ रिकामी. परिसरातल्या सोसायट्या मिळून निवेदन देणार आहेत. बहुतेकांचं म्हणणं, "बस वाढवा" एवढंच मागू. ते पुरेल का? आणि यात चालकांचा दोष किती?

उत्तर | खेप_आणि_फेरी

चालकांचा दोष फार थोडा. थांब्यावर मिनिटाला २ प्रवासी येतात आणि चढायला प्रत्येकी ३ सेकंद लागतात असं धरा. वेळेवर आलेल्या बसला २० जण मिळतात, म्हणजे ६० सेकंद. तीच बस सिग्नलला अडकून २ मिनिटं उशिरा आली तर २४ जण आणि ७२ सेकंद. मागच्या बसला ८ मिनिटांचेच प्रवासी मिळतात, १६ जण, ती ४८ सेकंदांत सुटते. एका थांब्यावर दोघींमधलं अंतर २४ सेकंदांनी कमी झालं आणि पुढच्या थांब्यावर ते याहून वेगाने घटतं. गर्दी अशीच राहिली तर दहाव्या थांब्याच्या आसपास मागची पुढचीला गाठते. नेवेल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ सालीच हे गणिताने मांडलं आहे. उशीर एकदा पडला की तो आपोआप भरून निघत नाही, वाढत जातो.

म्हणून नुसत्या बस वाढवून भागत नाही. दोनच्या जागी तीन एकत्र येतील, एवढंच.

बस किती लागतात ते वेगावर ठरतं. ताशी १५ किलोमीटरने १८ किलोमीटरला ७२ मिनिटं, जाऊन-येऊन १४४, दोन्ही टोकांना ८-८ मिनिटांचा थांबा धरून १६०. दर १० मिनिटांना १६ बस. वेग ताशी १८ झाला तर पूर्ण फेरी १३६ मिनिटांची होते आणि १४ बस पुरतात. त्याच १६ ठेवल्या तर साडेआठ मिनिटांनी एक सोडता येते. बस विकत न घेता बस वाढवण्याचा हा मार्ग निवेदनात वरच्या जागी हवा.

उत्तर | टोकाचा_थांबा

वरच्या गणितातले ८ मिनिटं सर्वांत महत्त्वाचे आहेत आणि सगळ्यात आधी तेच कापले जातात. उशिरा पोचलेली गाडी लगेच परत फिरवली की सकाळचा उशीर दुपारपर्यंत चालत राहतो. धावण्याच्या वेळेच्या किमान १० ते १५ टक्के वेळ टोकाला मिळायलाच हवा. चालक-वाहकांना पाणी प्यायला, स्वच्छतागृहात जायला तेवढा वेळ लागतोच, हेही विसरू नये.

दुसरं, सकाळी ६ ची आणि ९ ची खेप एकाच वेळात बसवलेली असेल तर वेळापत्रक मुळातच चुकीचं आहे. पहाटे ५० मिनिटांत होणाऱ्या अंतराला गर्दीत ७५ लागतात. दिवसाचे चार-पाच तुकडे करून प्रत्येकाची धाव-वेळ जीपीएसच्या नोंदींवरून वेगळी ठरवायला सांगा.

तिसरं, वाटेत एक-दोन ठिकाणी नियंत्रकाने गाडी धरून ठेवणं. जागा अशी निवडावी की जिथे बरेच जण उतरतात आणि आत थोडेच उरतात. पुढची बस ४ मिनिटं आधी गेली आहे आणि मागची १६ मिनिटांनी आहे, तर बरोब्बर मध्यावर आणायला ६ मिनिटं धरावी लागेल. एवढं करू नये, आतले लोक चिडतात आणि ते रास्तच आहे. २ मिनिटं धरा, उरलेलं पुढच्या ठिकाणी.

उत्तर | सिग्नल_१२०

उशीर जिथे जन्मतो तिथेही हात घातला पाहिजे. चौकाच्या अलीकडे थांबा असेल तर बस हिरव्यात प्रवासी घेते आणि निघेपर्यंत लाल लागतो. तोच थांबा चौक ओलांडून ३०-४० मीटरवर हलवला की एक लाल वाचतो आणि डावीकडे वळणारी वाहनंही अडत नाहीत. रस्त्यातून आत घेतलेले बस-बे मी सुचवणार नाही. तिथे रिक्षा आणि दुचाक्या उभ्या राहतात, बस तिरकी थांबते आणि परत रांगेत घुसायला तिला जागा मिळत नाही. उलट पदपथच बसच्या रांगेपर्यंत पुढे आणावा.

सिग्नलचं चक्र १८० सेकंदांचं आणि त्यात १२० लाल असेल तर प्रत्येक वाहनामागे सरासरी ४० सेकंद जातात. १२० चं चक्र आणि ८० लाल केलं तर सुमारे २७. फार लहान चक्रात पिवळ्याचाच वेळ वाढतो, म्हणून ९० ते १२० ठीक.

फक्त बससाठी राखलेल्या स्वतंत्र मार्गिकेबद्दल (बीआरटी) पुण्यात कडवटपणा आहे. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग झाला, पण फक्त रेलिंग लावून मार्गिका होत नाही. अहमदाबादच्या जनमार्गावर, म्हणजे तिथल्या अशाच बस-मार्गिकेवर, २००९ पासून थांबे बंदिस्त आहेत, तिकीट आत शिरतानाच होतं आणि फलाट बसच्या मजल्याच्या उंचीला आहे. रस्त्याच्या मधोमध थांबा बांधायचा तर तिथवर सुरक्षित चालत जाता आलं पाहिजे, ही पहिली अट.

कोथरूडचा_थांबा

खूप उपयोगी. पुरावा म्हणून आम्ही काय मोजायचं?

खेप_आणि_फेरी

एकाच थांब्यावर, पाच कामाच्या दिवशी, ८ ते ११. प्रत्येक बसचा गाडी क्रमांक, येण्याची वेळ, सुटण्याची वेळ, उभे प्रवासी अंदाजे. थांबा मार्गाच्या मधला घ्या, टोकाजवळ गाड्या अजून सुट्या असतात. मग दोन बसमधल्या वेळांचा तक्ता करा. सरासरी देऊ नका, ती १० च येईल आणि कार्यालय म्हणेल सगळं ठीक आहे. १५ मिनिटांपेक्षा मोठी फट किती वेळा पडली आणि ३ मिनिटांच्या आत दुसरी बस किती वेळा आली, हे दोन आकडे द्या. १०-१० मिनिटांनी बस येते तेव्हा प्रवासी सरासरी ५ मिनिटं थांबतो. तेवढ्याच बस तिघी मिळून ३० मिनिटांनी आल्या तर १५.

टोकाचा_थांबा

जोडीला टोकाच्या थांब्यावर एक माणूस ठेवा आणि सुटण्याच्या वेळा घ्या. तिथूनच जोडीने सुटत असतील तर दोष नियंत्रणाचा. तिथून नीट सुटून मध्ये एकत्र होत असतील तर चौक आणि थांबे. निवेदन पीएमपीला द्यायचं की वाहतूक शाखेला आणि महापालिकेच्या पथ विभागाला, ते त्यावरून ठरेल.