एमबीए पुरेसं नाही
ताई, ‘विद्यापीठाच्या कारभारात शिरायचं तर एमबीए पुरे, उच्च शिक्षण प्रशासनाचा वेगळा अभ्यास कशाला?’ हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. आमच्या बडोद्याचंच बघा. सयाजीराव विद्यापीठ १९४९च्या स्वतःच्या कायद्यावर चालायचं. २०२३च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सिनेट-सिंडिकेट ही निवडून आलेले सदस्यही असलेली कारभारी मंडळं गेली, त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आलं. मग निवडून आलेल्या प्रतिनिधींचा आवाज कुठे उरला? नेमणुकांवर लक्ष कोण ठेवणार? हे प्रश्न एमबीएच्या वर्गात निघतच नाहीत! भाचीला मी दिल्लीच्या नीपातली पीएचडी सुचवलीय. शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन हाच त्या संस्थेचा विषय. मात्र त्याआधी एखाद्या कुलसचिव कार्यालयात फायली हाताळ, शेऱ्यावर शेरे चढून साधी पदमान्यता कशी अडते ते बघ, असंही बजावलंय.