खंजिरी आणि तबला: नुसता ठेका नको, सवाल-जवाब हवा

आर्वीकर
आमचं चौघांचं भजन मंडळ आहे. गाणारा स्वतः पेटीवर, सोबत तबला, खंजिरी आणि टाळ. पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी एक. तबला-खंजिरीवाले दोघंही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच केरवा (आठ मात्रांचा ताल) धरतात. खंजिरीला मोकळं सोडलं की तबलाही चढतो अन् शब्द बुडतात. भोंग्यावर डग्गा (तबल्याचा डावा, खर्जाचा भाग) तर ऐकूच येत नाही. दोघांना गाण्याच्या बरोबरीचं काम द्यायचं तर बसवावं कसं?

शाई_चाट
दादा, आधी सूर पाहा. काळी एकला साडेपाच इंची पुडी (तबल्याचं कातडं) बरी. सहा इंची ओढून चढवली तर गजऱ्यापाशी (पुडीच्या कडेची वेणी) फाटते. मोठा फरक गठ्ठ्यांवर (वादीखालचे लाकडी ठोकळे) काढा, बारीक गजऱ्यावर, आणि ठोकताना समोरासमोरची घरं (गजऱ्यावर वाद्यांमधल्या जागा) घ्या. एकाच बाजूने ठोकत गेलात तर चाट (पुडीची कड) एकीकडे चढी, दुसरीकडे उतरी बोलते. कार्तिकात रात्री दव पडलं की पुडी उतरते, म्हणून मध्ये एकदा सूर तपासाच. खंजिरी शेकोटीवर लांबून शेकता येते. तबला अजिबात नेऊ नका, शाई (पुडीवरचा काळा लेप) तडकते.

खंजिरीवाला_वरूड
शब्द बुडतात ते खंजिरीच्या धातूच्या चकत्यांमुळे. त्यांची झणझण आणि स, श, च ही अक्षरं एकाच उंच आवाजात येतात. ओळ चालू असताना खंजिरी आडवी धरा. चकत्या एकमेकींवर बसून आवाज तुटक येतो. ओळ संपली की उभी करा, झंकार मोकळा होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतः गात आणि स्वतःच खंजिरी वाजवत, तिथे हात गळ्याच्या श्वासावरच चालणार. वाजवणारा वेगळा असेल तर त्याला भजन तोंडपाठ हवं. माझ्या मते निम्मी मंडळं इथेच कमी पडतात.

सवाल-जवाबाला जॅझची रीत उपयोगी आहे. तिथे वाजवणारा चार बार (तालाचे छोटे फेरे) घेतो, पुढचे चार ड्रमवाला. चार मात्रांचे चार बार म्हणजे 16 मात्रा, आपल्या केरव्याची बरोबर दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे). ड्रमच्या पाळीत बाकीचे बहुधा थांबतात, पण मोजणं मनात चालूच असतं. तसंच करा: अंतरा संपला की दोन आवर्तनं खंजिरी, दोन तबला. खंजिरीच्या पाळीत तबल्याने फक्त समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) डग्गा द्यावा, टाळ पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर कायम. पेटी गप्प.

गाण्याकडे परतायला तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) ठरलेली असू द्या. ‘तिट कत धा’ तीन मात्रांचा तुकडा. समेवरून उचलून मध्ये न थांबता तीनदा वाजवला की नववी जागा म्हणजे पुढची सम. तिथेच गाणाऱ्याने ध्रुवपद पकडायचं. ही खूण नसली की गाणारा अंदाजाने उचलतो अन् सगळं घसरतं.

मंडप_साउंड
भोंगा खर्ज फेकतच नाही, चकत्या मात्र दूरवर नेतो. म्हणून माईक डग्ग्याला द्या, खंजिरीला नको. ती गाणाऱ्याच्या माईकपासून निदान दोन हात मागे ठेवा. डग्गा थोडा चढा लावा. तबला आणि खंजिरी समोरासमोर बसवा, नजर भिडली पाहिजे.

आर्वीकर
लय कामाचं सांगितलं. हीच तिहाई दादऱ्यात चालेल का?

खंजिरीवाला_वरूड
चालेल. फक्त आधीच्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेवरून उचला. त्या आवर्तनाच्या शेवटच्या दोन मात्रा, पुढचं सहा मात्रांचं पूर्ण आवर्तन, मग शेवटचा ‘धा’ समेवर.