मदत हवी आहे: बेळगावात सेट केलेलं बोटीचं इंजिन गोव्यात ठोकतंय

मंडळी, उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. गोव्याच्या एका गिऱ्हाइकाच्या स्पीडबोटीचं व्ही-८ पेट्रोल इंजिन आलंय. वर रूट्स सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा ब्लोअर), त्यावर हवेत पेट्रोल मिसळणारे दोन कार्ब्युरेटर. इथं स्टँडवर मस्त चालतं. चोर्ला घाट उतरून बोटीत बसवलं, फुल थ्रॉटल दिला की थोड्या वेळात ठोकायला लागतं, म्हणजे आत पेट्रोल भलतंच भडकून खटखट आवाज येतो. प्लग काढून बघितला तर पोर्सेलीन पांढरंफटक आणि त्यावर राईपेक्षा बारीक चकचकीत ठिपके. म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम सुटतंय.

माझा अंदाज असा, बेळगाव साधारण ७५० मीटरवर, हवेचा दाब ८-९ टक्के कमी. खाली दाट हवा मिळते, बूस्ट (ब्लोअरनं कोंबलेल्या हवेचा दाब) वाढतो आणि इथं बसवलेले जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) लीन पडतात, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. त्यात बोटीला ना उतार, ना गिअर बदलणं. इंजिनाला उसंतच नाही.

जेट मोठे करणारच आहे. पण ब्लोअरची वरची पुली मोठी घालून बूस्ट उतरवू, की टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) दोन-तीन डिग्री मागं घेऊ? टायमिंग जास्त मागं घेतलं तर एक्झॉस्ट तापतो, ती धास्ती आहे. गिऱ्हाईक स्पीड सोडायला तयार नाही, पिस्टनचे पैसे द्यायलाही नाही! मालवण-वेंगुर्ल्याकडं कुणी असलं इंजिन हाताळलं असेल तर सांगा की.