क्लेअर काउंटी मतदारसंघ: ओ'कॉनेल वर्षभरात दोनदा कसा निवडून आला?

पंचवटी वाचक:
नाशिकच्या आमच्या अभ्यासगटासाठी आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीच्या ब्रिटिश संसदेतल्या खासदारांचा तक्ता करतेय. तीन ठिकाणी अडलं आहे. एकाच काळात दोन-दोन नावं येतात. कॅथलिकांचा आयरिश नेता डॅनियल ओ'कॉनेल जुलै १८२८ मध्ये निवडून आला आणि जुलै १८२९ मध्ये पुन्हा त्याच जागेवर, मध्ये राजीनामा नाही की निधन नाही. शिवाय मतदारसंघ १८८५ मध्ये संपला म्हणतात, मग आयरिश स्वातंत्र्यवादी नेता डी व्हॅलेरा १९१७ मध्ये क्लेअरमधून कसा आला?

गोदाकाठ:
दोन नावं बरोबरच आहेत. १८०१ पासून आयर्लंडला १०० जागा होत्या आणि ३२ काउंट्यांना प्रत्येकी दोन. आपल्याकडे १९५२ आणि १९५७ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ होते, पण त्यातली एक जागा राखीव असे. तिथे तसं काही नव्हतं. तक्त्यात दोन रकाने ठेवा. पोटनिवडणूक एकाच रकान्यात बदल करते, दुसरा खासदार तसाच राहतो.

जुनी तांबट आळी:
ओ'कॉनेलचं कोडं नियमांत आहे. क्लेअरचा विद्यमान खासदार व्हेसी फिट्झजेराल्ड याला पंतप्रधान वेलिंग्टनने व्यापार मंडळाचा अध्यक्ष केलं. तेव्हा मंत्रिपद घेतलं की खासदारकी सुटायची आणि पुन्हा मतदारांपुढे जावं लागायचं. १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले, पण ते आधी मंत्री झाले आणि मग खासदार. फिट्झजेराल्ड खासदार असूनही त्याला पुन्हा लढावं लागलं, हा फरक लक्षात ठेवा.

कॅथलिकांना निवडणूक लढवायला बंदी नव्हती. आडवी येत होती ती सभागृहातली शपथ, कारण तिच्यात कॅथलिक श्रद्धाच नाकारावी लागे. ओ'कॉनेलने नेमकी हीच फट हेरली. एनिस गावात पाच दिवस मतदान चाललं, तेही उघड, सगळ्यांदेखत. तरी कुळांनी जमीनदारांना न जुमानता ओ'कॉनेलला २,०५७ मतं दिली, फिट्झजेराल्डला ९८२. कुळांच्या या धैर्याला तोड नाही.

एप्रिल १८२९ मध्ये कॅथलिकांसाठी नवी शपथ आली, पण ती कायद्यानंतर निवडून येणाऱ्यांनाच लागू होती. मे महिन्यात सभागृहाने ओ'कॉनेलपुढे जुनीच शपथ ठेवली. त्याने ती नाकारली, जागा रिकामी ठरली आणि जुलैमध्ये तो बिनविरोध आला. त्याच वेळी काउंटीतल्या मताधिकारासाठीची जमिनीच्या मूल्याची अट ४० शिलिंगांवरून (२ पौंड) १० पौंडांवर नेली, म्हणजे पाचपट. ज्यांनी त्याला निवडून दिलं त्यांचंच मत गेलं. तेव्हा १८२८ चे आणि नंतरचे मतांचे आकडे शेजारी ठेवून लोकप्रियता घटली असं लिहू नका, मतदार यादीच आटली होती.

पंचवटी वाचक:
मग १८२८ ची ओळ रद्द दाखवायची का?

जुनी तांबट आळी:
नाही. 'निवडून आला, जुनी शपथ नाकारल्याने बसता आलं नाही' असं लिहा. नवी ओळ जुलै १८२९ ची.

दिंडोरी रोड:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फेररचनेत आहे. १८८५ मध्ये क्लेअरचे पूर्व आणि पश्चिम असे दोन एकसदस्य मतदारसंघ झाले. २००८ मध्ये मालेगाव लोकसभा मतदारसंघ जाऊन दिंडोरी आला, पण दिंडोरीच्या ओळी मालेगावच्या तक्त्याला जोडून चालत नाही, इथेही तसंच. डी व्हॅलेरा पूर्व क्लेअरचा. तिथला खासदार विली रेडमंड जून १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात मेसीनच्या लढाईत मारला गेला आणि १० जुलैच्या पोटनिवडणुकीत डी व्हॅलेराने पॅट्रिक लिंचला ५,०१० विरुद्ध २,०३५ मतांनी हरवलं. १९१८ मध्ये पूर्व आणि पश्चिम दोन्ही जागा डी व्हॅलेराच्या शिन फेन पक्षाला बिनविरोध मिळाल्या, पण ते खासदार वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटिश संसदेत, गेलेच नाहीत.

१९२१ पासूनचा क्लेअर आयरिश संसदेचा, डॉलचा. नाव तेच असलं तरी पद्धत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागांची. त्याचा तक्ता वेगळा करा.