मदत हवी आहे : हिपॅटायटीस सी आणि वडिलांची नाकारलेली डिसॅबिलिटी पेन्शन

कोरेगावची_लेक : माझे वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने हिपॅटायटीस सी या यकृताच्या आजारामुळे ३० टक्के अपंगत्व धरले, परंतु आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, असा शेरा मारल्याने डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर झाली. अपील केले आहे, उत्तर नाही. आता दाद कोठे मागायची, एवढेच कृपया लवकर सांगावे.

माजी_सुभेदार : ताई, अपील पहिले की दुसरे, ते केव्हा केले, भरतीच्या वेळी यकृताविषयी काही नोंद होती का आणि निवृत्ती डिसॅबिलिटी पेन्शनच्या २०२३ च्या नव्या नियमांआधीची आहे का, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

आरोग्यसेविका : आधी औषधे सुरू करा. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत मिळतात आणि बहुतेकांना १२ आठवड्यांचा उपचार पुरतो.

कोरेगावची_लेक : उपचार झाले, विषाणू गेला, पण यकृताचे झालेले नुकसान राहिले. प्रश्न पेन्शनचा आहे. पहिले अपील, आठ महिने झाले. निवृत्ती २०२२ ची. भरतीच्या कागदांत कोणतीही नोंद नाही.

वकिली_मत : मग थेट सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या (सैनिकांच्या सेवेविषयीचे वाद ऐकणाऱ्या न्यायपीठाच्या) मुंबई खंडपीठाकडे जा. धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेशी निगडित आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नसते.

माजी_सुभेदार : ‘थेट’ हा सल्ला मला पटत नाही. या न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्याचे कलम २१ सांगते की, आधी खात्यातील अपिले पूर्ण करावीत.

वकिली_मत : त्याच कलमानुसार सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर मार्ग मोकळा होतो. येथे आठ झाले.

माजी_सुभेदार : ते मान्य. मात्र धरमवीर सिंग यांना फिट्स येत होत्या आणि हा आजार रक्तातून लागतो, तेव्हा बोर्डाची बाजू गोंदण, सुया यांवर बोट ठेवणारच. अंगावर गोंदण आहे का? सेवेत रक्त चढवले होते का?

कोरेगावची_लेक : गोंदण नाही. १९९९ मध्ये त्यांची गाडी दरीत गेली, तेव्हा लष्करी रुग्णालयात रक्त दिले होते. डिस्चार्जचा कागद आईच्या ट्रंकेत आहे. घडीवर फाटला आहे, पण ‘रक्त, दोन युनिट’ एवढे वाचता येते. अपिलात तो जोडला नाही.

माजी_सुभेदार : ताई, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते. त्या काळी रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची नव्हती. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, आणि रुग्णालयातील केसपेपर माहितीच्या अधिकारात आजच मागा.