मदत हवी आहे: जागा कमी, मजकूर कापू की मांडणी बदलायला लावू?

नमस्कार मंडळी. हाताने दाब भरायच्या फवारणी पंपाचं मराठी माहितीपत्रक लिहिते आहे. मजकूर तयार आहे, पण डिझायनर म्हणतो की सगळं ए४ कागदाच्या दोन बाजूंत बसलंच पाहिजे. त्यासाठी त्याने अक्षर ७ पॉइंटवर आणलंय आणि ओळींमधलं अंतर इंग्रजी पत्रकातलंच ठेवलंय. त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. (जोडाक्षरं तुटत होती, ती इनडिझाइन या पान-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय लावल्यावर सुधारली.)

खरी काळजी वेगळीच आहे. ‘नोझल उघडण्याआधी टाकीतला दाब सोडा’ ही सूचना चित्राखाली फिक्या राखाडी रंगात गेली आहे. ती नजरेतून सुटली तर कीटकनाशक थेट तोंडावर उडेल. मला ती त्या पायरीच्या आधी आणि ठळक हवी आहे. बाकी कशावरही तडजोड करीन.

देवनागरीसाठी छपाईत कमीत कमी किती पॉइंट आणि किती अंतर धरता? मजकूर आणि रूप वेगळं ठेवायला डिटा (DITA, तांत्रिक मजकूर सुट्या तुकड्यांत लिहायची ठरावीक पद्धत) वापरायचा विचार आहे, दोघांच्या टीमला ते झेपतं का? आणि डिझायनरला मजकूर लिहायच्या आधीपासूनच सोबत घेता का?